स्त्रियांच्या मंडळांचा इतिहास व दोन रमाबाईंचे ग्रंथ

१

स्त्रियांनीं आपण होऊन चालविलेल्या मंडळांचा व त्यांच्या हातून घडलेल्या लोकसेवेचा इतिहास लिहूं पाहणाऱ्या मराठी अभ्यासकाच्या हातीं बहुधा प्रथम दोन छापील ग्रंथ येतात. पहिला पंडिता रमाबाईंचा 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हा होय. दुसरा रमाबाई रानडे ह्यांचा 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) हा होय. दोन्ही ग्रंथांची वाङ्मयीन योग्यता सर्वमान्य असून तिजविषयीं वाद उपस्थित करण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, ज्या कामीं ह्या ग्रंथांस साक्षीस बोलाविलें जातें त्या कामीं त्यांची साक्ष कोठपर्यंत ग्राह्य धरावी. बखर व अस्सल कागद ह्यांस जी कसोटी आपण लावतों तीच येथें लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं एक खुलासा अवश्य आहे. दोन्ही लेखिकांचें नांव एकच असल्यामुळें याद्यांतून व उताऱ्यांतून त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्या माहेरच्या डोंगरे. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) ह्या न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पत्नी. १८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्याच सालीं हंटरसाहेबांच्या शिक्षण-कमिशनापुढें त्यांची साक्ष झाली आणि पुढील सालीं त्या विलायतेस गेल्या. आर्य महिला समाजाच्या सभांस जाणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडे ह्या होत्या. म्हणजे दोन्ही ग्रंथांचा धागा एकाच मंडळापर्यंत जाऊन पोंचतो. एक लेखिका त्या मंडळाची संस्थापिका, दुसरी त्याची सभासद. आणि ह्या भेदाची छाया दोघींच्या लेखनावर पडलेली आहे.

२

पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेंत होत्या. त्यांच्या ग्रंथांत तेथील स्त्रियांच्या स्थितीचें जें वर्णन आहे त्यांत स्त्रियांच्या मंडळांस मानाचें स्थान मिळालें आहे. १८७४ सालीं स्थापन झालेली व १८७९ पासून फ्रान्सिस विलर्ड ह्यांच्या अध्यक्षतेखालीं वाढलेली 'वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स यूनियन' ही मद्यपाननिषेधाची संस्था त्यांनीं जवळून पाहिली होती. गांवोगांवच्या शाखा, कामाचे निरनिराळे विभाग, निवडून दिलेल्या अधिकारी आणि वर्गणीचा पैसा, इतक्या अंगांनीं मिळून स्त्रियांचें मंडळ उभें राहतें, ही गोष्ट मराठी वाचकापुढें इतक्या विस्तारानें मांडणारा हा ग्रंथ आहे. मंडळ म्हणजे चार भल्या बायकांचा मेळावा नसून ती नियमांनीं चालणारी संस्था आहे, हें लेखिकेनें अचूक ओळखलें होतें. मीरा कोसंबी ह्यांनीं २००३ सालीं ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून मराठी न जाणणारे अभ्यासकहि त्याचा उपयोग करूं शकतात.

परंतु साक्षीदार कोण आहे हें साक्ष ऐकतांना विसरतां येत नाहीं. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. पंडिता रमाबाईंच्या नियोजित शाळेस दहा वर्षें साहाय्य करण्याचा तिचा संकल्प होता, व तिला वर्गणी पुरविण्यासाठीं ठिकठिकाणीं मंडळें निघालीं. त्याच साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. ग्रंथहि त्याच सालचा. म्हणजे ज्या मंडळांचें वर्णन लेखिका करीत आहे त्यांच्या कार्यपद्धतीची ती नुसती प्रेक्षक नव्हे, त्या पद्धतीचें फळ तिच्या पदरीं पडलें आहे. एवढ्यावरून तिचें लिहिणें अविश्वसनीय ठरत नाहीं. मात्र मंडळांतील कलह, थकलेल्या वर्गण्या, नांवापुरत्या उरलेल्या शाखा ह्यांची अपेक्षा ह्या ग्रंथाकडून करूं नये. पाहुण्यास दिवाणखाना दाखविला जातो, माजघर दाखविलें जात नाहीं.

तुलनेसाठीं अमेरिकेंतीलच एक ग्रंथ घेतां येईल. न्यूयॉर्क येथें १८६८ सालीं 'सोरोसिस' हें स्त्रियांचें मंडळ काढणाऱ्या जेन कनिंगहॅम क्रोली ह्यांनीं १८९८ सालीं तेथील स्त्रीमंडळांचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत प्रांतवार एकेका मंडळाची हकीकत आहे. स्वतःचा बोभाटा करण्याची हौस अशा हकीकतींत असतेच. तथापि मंडळाची स्थापना केव्हां झाली, अधिकारी कोण होत्या, कामें कोणतीं झालीं, हें सांगण्यापुरतीं दप्तरें त्या बायकांनीं राखिलीं होतीं, ही गोष्ट त्यावरून सिद्ध होते. आपल्याकडे ह्या तोडीचा ग्रंथ त्या काळांत झाला नाहीं. त्याची जागा एका पतिनिष्ठ पत्नीच्या आठवणींनीं भरून काढली, आणि येथेंच खरी अडचण उत्पन्न होते.

३

'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' ह्या ग्रंथास गोपाळ कृष्ण गोखले ह्यांची प्रस्तावना आहे. १६ जानेवारी १९०१ रोजीं न्यायमूर्ति रानडे निवर्तले. ग्रंथाची कथाहि तेथेंच संपते. नायक रानडे आहेत, आणि लेखिका त्यांची शिष्या व सेविका ह्या नात्यानें बोलत आहे. ह्या दृष्टीनें पाहतां ग्रंथाचा वर्ग बखरीचा आहे. धनी गेल्यावर निष्ठावंत माणसानें स्मरणावरून लिहिलेली ती हकीकत आहे. बखरीचे गुण तिच्यांत आहेत आणि बखरीच्या मर्यादाहि आहेत. प्रसंग जिवंत उतरतात. सन, महिने आणि संख्या ह्यांविषयीं मात्र दुसरा पुरावा शोधावा लागतो.

ग्रंथाचें जें रूप पुढें परभाषेंत गेलें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९३८ सालीं कॅथरिन व्हॅन एकिन गेट्स ह्यांनीं केलेल्या भाषांतराचें नांव 'हिमसेल्फ' असें ठेवण्यांत आलें. पतीचें नांव न घेतां 'स्वतः' म्हणण्याची जी मराठी कुलस्त्रियांची रीत, तिचेंच तें भाषांतर होय. १९६३ सालच्या कुसुमावती देशपांडे ह्यांच्या भाषांतराच्या नांवांतहि रानडे अगोदर येतात व लेखिका त्यांची पत्नी म्हणून मागाहून येते. मूळ नांवांतील 'आमच्या' ह्या शब्दांत दोघांचा समावेश होता. भाषांतरांच्या नांवांत त्यांतील एकच माणूस पुढें राहिला. हा दोष भाषांतरकर्त्रींचा म्हणतां येणार नाहीं, कारण ग्रंथाचा कल तसाच आहे. परंतु ह्या ग्रंथाच्या आधारें स्त्रियांच्या मंडळांचा इतिहास लिहिणाराने हा कल ओळखलाच पाहिजे. तो न ओळखल्यास स्त्रियांनीं केलेलें प्रत्येक काम पतीच्या उत्तेजनाचें फळ एवढ्याच नोंदीनें निकालांत निघतें.

तरीहि आमचें मत असें आहे कीं, एका बाबतींत ह्या ग्रंथाची बरोबरी कोणतेंहि दप्तर करूं शकणार नाहीं. १८८४ च्या सुमारास पुण्यांत मुलींच्या हायस्कुलाकरितां सभा झाली व तींत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्यापुढें रमाबाईंनीं इंग्रजी विनंतिपत्र वाचलें. सभेच्या इतिवृत्तांत ह्याची नोंद एका ओळीची व्हावयाची. घरीं परतल्यावर वडील बायकांचा केवढा रोष त्यांस सोसावा लागला, स्त्रियांच्या सभेस जाण्याबद्दल किती बोलणीं खावीं लागलीं, हें इतिवृत्ताची वही कधींहि सांगणार नाहीं. वहींत हजर असलेल्यांचीं नांवें येतात. उंबरठ्यावरून परत फिरलेल्यांचीं येत नाहींत. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी छाननी केली, तिच्यापासून अस्सल कागद श्रेष्ठ व बखर कनिष्ठ हा दंडक आपल्यांत रूढ झाला आहे. दंडक योग्य आहे. पण प्रस्तुत विषयांत तो अर्धाच लागू पडतो. मंडळाचें काम किती झालें हें कागद सांगेल. तें काम करण्यास घराबाहेर पडणें किती कठीण होतें, ह्याला आठवणीच प्रमाण.

४

अडचण आहे ती १९०१ नंतरच्या काळाची. रमाबाई रानडे ह्यांच्या नांवाशीं जी लोकसेवा मुख्यतः निगडित आहे ती ह्या सालानंतरची असून आठवणींच्या कक्षेबाहेर पडते. मुंबईंतील सेवासदन १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल ह्यांनीं काढलें, व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुण्याचें सेवासदन १९०९ सालीं रानडे ह्यांच्या वाड्यांत सुरू झालें. त्याच्या उभारणींत गोपाळ कृष्ण देवधर ह्यांचा हात होता. दोन्ही संस्थांचें नांव एक, अध्यक्षा एक, आणि स्थापनेंत अंतर वर्षभराचें. त्यामुळें एकीचें साल दुसरीस चिकटविण्याची चूक सहज घडते. संग्राहकाच्या हातीं 'सेवासदन' एवढेंच नांव असलेला कागद आल्यास तो पुण्याचा कीं मुंबईचा, हें प्रथम ठरविलें पाहिजे.

पुण्याच्या सेवासदनानें प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालविले, ससून रुग्णालयांत परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. आळंदीच्या यात्रेंत स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीस स्वयंसेविका नेण्याचा उपक्रम रमाबाईंनीं केला. हा उपक्रम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. यात्रेस जाणें बायकांस नवें नव्हतें. परक्या बायकांची व्यवस्था पाहण्यासाठीं मंडळ करून जाणें मात्र नवें होतें. दर्शनास जाणारी यात्रेकरीण आणि व्यवस्थेस जाणारी स्वयंसेविका, ह्या दोहोंमधील अंतरांत ह्या सर्व चळवळीचा इतिहास सांठविलेला आहे. परंतु त्या स्वयंसेविका कोण, कोणत्या घरच्या, विधवा किती व सुवासिनी किती, हें आठवणींच्या ग्रंथावरून कळण्याचा मार्गच नाहीं.

ह्या काळासाठीं छापील वार्षिक अहवालांचा आधार घेण्याचा प्रघात आहे. अहवाल हें समकालीन साधन खरें, पण तें देणगीदारांसाठीं तयार केलेलें असतें. विद्यार्थिनींची संख्या वाढली कीं ती ठळक छापली जाते. घटली तर वाक्य लांबतें. म्हणून अहवालाची तपासणी कीर्द-खतावणीवरून करावी, हा आमचा आग्रह आहे. चार आण्यांची वर्गणी कोणी किती महिने भरली, हें ज्या वहींत आहे ती वही अध्यक्षांच्या भाषणापेक्षां मंडळाच्या आयुष्याविषयीं अधिक खरें बोलते.

५

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तें सेवासदनाचें पहिलेंच वर्ष चालूं होतें व 'आठवणी' त्याच सालीं छापल्या गेल्या. त्या वेळीं संशोधकांची दृष्टि शिवशाहीच्या व पेशवाईच्या कागदांकडे असावी हें स्वाभाविक होतें. परंतु तेव्हां ज्या वह्या ताज्या होत्या त्यांस आतां शंभर वर्षें होऊन गेलीं आहेत. त्यांचा कागद जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लांकडाच्या लगद्याचा गिरणी-कागद प्रचारांत आला. त्यांतील आम्लामुळें तो पिंवळा पडतो व घडीवर तुटतो. पेशवाईंतील रुमाल नीट ठेवला तर आणखी कित्येक पिढ्या टिकेल. १९१५ सालची वर्गणीची वही तितकी टिकेल असें समजूं नये. जुनें तें आधीं वांचवावें हा नियम येथें उलटा करावा लागतो.

असा कागद सांपडल्यास तीन गोष्टी पाळाव्या. वहींतील सुट्या पावत्या, निमंत्रणपत्रिका, हळदीकुंकवाच्या याद्या ह्या किरकोळ म्हणून वेगळ्या काढूं नयेत. ज्या पानांत असतील त्याच पानांत राहूं द्याव्या. वही कोणत्या घरीं, कोणाच्या जवळ होती ह्याची नोंद त्याच दिवशीं करावी. तिसरी गोष्ट नांवांची. लग्नांत मुलीचें नांव बदलत असे. रमाबाई रानडे माहेरीं यमुना होत्या. शाळेच्या पटावरील मुलगी आणि मंडळाच्या यादींतील सौभाग्यवती ह्या एकच असूं शकतात, म्हणून माहेरचें व सासरचें नांव जुळविल्यावांचून कोणतीहि यादी पुरी समजूं नये. घरगुती जमाखर्च मोडींत ठेवण्याची रीत त्या काळीं होती. तेव्हां ह्या कामास मोडी वाचणारा माणूस लागेल, आणि तो आपल्यांतच आहे.

एकंदर निर्णय असा. 'लोकस्थिति' हा ग्रंथ मंडळ म्हणजे काय हें सांगतो. 'आठवणी' मंडळांत जाण्याची किंमत सांगतात. मंडळानें काय केलें, हें ह्या दोहोंपैकीं एकहि पुरतेपणीं सांगत नाहीं, व तें त्यांच्याकडून वदविण्याचा प्रयत्न केल्यास दोन थोर लेखिकांवर अन्याय होतो. ती तिसरी साक्ष कोणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेंत पडून आहे. वाडे पाडले जातात तेव्हां पेशवाईचा शिक्का असलेला कागद कोणीतरी उचलून घेतो; बायकांच्या मंडळाची वही रद्दींत जाते. तीहि उचलून घेण्याची संवय संग्राहकांस लागली, तर ह्या इतिहासाचें निम्मे काम झालें असें आम्ही समजूं.