दोन स्फोटांच्या मधलं मूल

नोरा फिंगशाइटच्या 'सिस्टेमश्प्रेंगर' (२०१९) या जर्मन चित्रपटातली ९ वर्षांची बेनी संतापली की हाताला लागेल ते फेकते, अंगावर धावून जाते, किंचाळून आभाळ डोक्यावर घेते. नावाचा अर्थ 'यंत्रणा फोडणारी'. एकाही संस्थेत, एकाही पालक-कुटुंबात न टिकणाऱ्या मुलांसाठी जर्मनीत हा शब्द वापरतात. चित्रपट संपल्यावर कानात उरतात त्या हेलेना झेंगेलच्या किंकाळ्या. मला मात्र महत्त्वाचा वाटतो तो दोन किंकाळ्यांमधला वेळ.

वैद्यकशास्त्रानेही या मधल्या वेळाचा विचार उशिराच केला. १९९०च्या दशकापासून अमेरिकेत अशा मुलांवर 'बायपोलर'चा शिक्का सर्रास बसू लागला होता. २०१३मध्ये डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने वेगळं नाव दिलं : 'डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर'. आठवड्यातून सरासरी ३ किंवा अधिक उद्रेक, किमान १२ महिने, ही त्यातली एक अट. दुसरी अट अधिक बोलकी आहे : उद्रेक नसतानाही मूल जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ चिडचिडं असतं. म्हणजे नुसते स्फोट मोजून भागत नाही.

बेनी या व्याख्येत नीट बसत नाही. मधल्या वेळात ती खिदळते, बिलगते, सोबतीला नेमलेल्या मिखाएलने आपला बाबा व्हावं म्हणून त्याला चिकटून राहते. दिग्दर्शिका तिला कुठलंही नाव चिकटवत नाही, हे मला आवडलं. पण एका जागी तीही सोपं उत्तर देते. तान्हेपणी बेनीच्या तोंडावर डायपर दाबले गेले, म्हणून आईशिवाय कुणी चेहऱ्याला हात लावला की ती पेटते, असं आपल्याला सांगितलं जातं. कुलूप दाखवलं आणि लगेच किल्ली हातात दिली! प्रत्यक्षात एवढं एकच कारण क्वचितच सापडतं.

सुदैवाने चित्रपट स्वतःच ही किल्ली निरुपयोगी ठरवतो. मिखाएलचं तान्हं बाळ तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवतं, तेव्हा ती शांत असते. कारण कळून आलेलं असतं, स्पर्शही चालतो. तरी काही मिनिटांत सगळं पुन्हा उधळतं. कारण ते घर तिचं नसतं. समाजसेविका बाफाने हमसून रडू लागते, तेव्हा तिची समजूत बेनीच काढते. दुसऱ्याचं दुःख तिला कळतं. स्वतःचा संताप मात्र आवरत नाही.

अशा मुलाला आपल्याकडे 'लाडावलेलं' म्हणतात, 'दोन रट्टे दिले की ताळ्यावर येईल' असा सल्लाही देतात. बेनीच्या भोवतालची माणसं तसं करत नाहीत. ती सुशिक्षित, प्रेमळ, थकलेली आहेत, आणि पाळी संपली की घरी जाणारी आहेत. बेनीला हवी आहे घरी न जाणारी माणसं. तशी माणसं कुठून आणायची याचं उत्तर चित्रपटाकडे नाही, आणि ते असल्याचा आवही तो आणत नाही.