मज्जातंतूचे चित्र आणि वेदनेचा शब्द

शास्त्राच्या हाती नवे साधन आले की त्यामागोमाग नवी परिभाषा येते, आणि पुष्कळदा ती परिभाषा साधनाहून अधिक बोलून जाते. एंडोमेट्रिओसिस या व्याधीत मज्जातंतू कितपत बाधित झाले आहेत हे प्रगत एमआरआयने ठरविण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांची भाषा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

या व्याधीत गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते. जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना ती असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. क्वचित हे ऊतक मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. डेंटन व शेरिल यांनी १९५५ साली सायटिक मज्जातंतूच्या अशा विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळीबरोबर वाढणारी व पाळीनंतर ओसरणारी पायातील वेदना ही त्याची लक्षणीय खूण होय.

साध्या एमआरआयमध्ये गाठ आणि मज्जातंतू यांचे सान्निध्य दिसते. बॅसर, मॅटिएलो व ल बिहाँ यांनी १९९४ साली मांडलेली पद्धती याहून वेगळी आहे. ती पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. मज्जातंतूत पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवे कमी. ही विषमता ० ते १ यांमधील अंकाने दर्शवितात आणि दिशा जोडून रेषा काढतात. मांगानारो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या निबंधात रुग्ण स्त्रियांच्या त्रिक मज्जातंतूंच्या मुळांत हा अंक निरोगी स्त्रियांपेक्षा कमी आढळला. निबंधकर्त्यांनी आपल्या कार्यास प्राथमिक अभ्यास म्हटले, हे त्यांच्या विवेकास शोभणारेच आहे.

आक्षेप आहे तो या रेषांना सर्रास ‘तंतू’ म्हणण्यावर. ती रेषा हा तंतू नव्हे. तो गणिताने काढलेला अनुमानाचा मार्ग होय. ‘बाधित’ हा शब्दही असाच संदिग्ध आहे. मज्जातंतूवर दाब येणे, त्यात ऊतक शिरणे आणि त्याची आंतररचना बिघडणे, या तीन भिन्न गोष्टी तो एकाच पदरात बांधतो. अंक घटण्यास सूजही कारण होऊ शकते. अंक कारण सांगत नाही.

याउलट ज्या बोलीस आपण अशास्त्रीय समजतो ती किती काटेकोर असते! कळ येते, ठणका लागतो, चमक जाते, मुंग्या येतात, आग होते. येथे प्रत्येक नामाचे क्रियापद ठरलेले आहे आणि वेदनेची गती त्यात नोंदलेली आहे. मेल्झॅक यांनी १९७५ साली इंग्रजीतील ७८ वेदनाशब्द २० गटांत लावून प्रश्नावली सिद्ध केली, ती अशाच भेदांच्या बळावर. शिवाय चित्र एका दिवसाचे असते. ‘दर महिन्याला पायात चमक जाते’ या वाक्यातील रीतिवर्तमान त्यात उमटत नाही.

म्हणून चित्राचे मोल कमी होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मज्जातंतूचा मार्ग कळणे लाभाचेच आहे. परंतु चित्र निर्दोष आले म्हणून वेदना खोटी ठरविणे हा तर्कदोष होय, आणि त्याचे मोल त्या स्त्रीस द्यावे लागते. चित्र आणि शब्द हे दोन स्वतंत्र पुरावे आहेत. त्यांचे वाचन एकत्रच व्हावयास हवे.