केकवरील शुभवचने : औचित्यदृष्टीने एक विचार

विवाहाच्या काही दिवस वा आठवडे अगोदर वधूच्या मैत्रिणींनी व आप्तस्त्रियांनी एकत्र जमावे आणि तिला संसारोपयोगी वस्तू भेट द्याव्यात, अशी उत्तर अमेरिकेत ‘ब्रायडल शॉवर’ नावाची चाल आहे. ‘शॉवर’ म्हणजे येथे भेटींचा वर्षाव. या प्रसंगीच्या केकवर लोणी व साखर फेटून केलेल्या लेपाने एखादे शुभवचन लिहितात. आठ-दहा इंचांच्या त्या वर्तुळात चार-पाच शब्द मावतात आणि घटकाभरात तेही सुरीखाली जातात. अशा लेखनाची चिकित्सा ती काय करावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे शब्द थोडे, तेथे प्रत्येक शब्दावरील भार अधिक असतो.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याची जी 27 स्थाने सांगितली, त्यांत काल, आशीर्वाद व नाम ही तीन आहेत. प्रस्तुत वचनांची परीक्षा या तिहींच्या आधारे उत्तम होते.

प्रथम काल. ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ हे लोकप्रिय वचन मुळात इंग्रजी परीकथेचे समाप्तिवाक्य आहे. विवाह व्हावयाचा असताना ते लिहिणे म्हणजे कहाणीच्या आरंभीच ‘सुफळ संपूर्ण’ म्हणून मोकळे होणे होय. ‘ब्राइड टु बी’ हे वचन कालदृष्ट्या निर्दोष खरे. पण ते केवळ वधूची अवस्था सांगते, तिला काही देत नाही.

दुसरे स्थान आशीर्वादाचे. जुन्या इंग्रजी-अमेरिकी शिष्टाचारानुसार अभिनंदन वराचे करावयाचे. वधूला मात्र शुभेच्छा द्यावयाच्या. तिचे अभिनंदन केल्यास तिने प्रयत्नाने नवरा मिळविला, असे सूचित होई! हा संकेत आता फारसा पाळला जात नाही, आणि त्यामागील कारणही टिकण्याजोगे नव्हते. तथापि त्यातून एक भेद हाती लागतो. अभिनंदन घडून गेलेल्या गोष्टीचे असते, शुभेच्छा येणाऱ्या गोष्टीसाठी असते. म्हणून विवाहापूर्वीच्या या केकवर शुभेच्छाच अधिक शोभते.

तिसरे स्थान नामाचे, आणि खरा प्रश्न येथेच आहे. ‘फ्यूचर मिसेस’ असे लिहून पुढे वराचे आडनाव घालण्याची रीत रूढ आहे. अमेरिकेतही अनेक स्त्रिया विवाहानंतर आपले आडनाव कायम ठेवतात. अशा वधूसमोर हा केक आला, तर तिचा सत्कार तिने न स्वीकारलेल्या नावाने होतो. मात्र मराठी वाचकाने परक्या चालीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले ताट पाहावे. आपल्याकडे वराने ताटातील तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहावे, ही प्रथा आहे. तेथे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही बदलत असे. दोन्हीकडे अक्षरे अन्नावर आहेत, आणि दोन्हीकडे लिहिणारा हात वधूचा नाही. याउलट उखाण्यात बोलणारी ती स्वतः असते. पतीचे नाव कोठे गुंफावयाचे, हे तीच ठरवते. अन्नावरील या दोन्ही लेखनांत हा वक्तृत्वाचा अधिकार तिच्याकडे नसतो.

यावर आक्षेप असा येईल की, काही वधूंना नवे नाव मनापासून आवडते. ते मान्यच आहे. परंतु आवड तिची असेल, तर ती तिला विचारूनच कळणार. न विचारता लिहिलेले नाव, ते कितीही सुबक अक्षरांत असो, ही भेट नसून गृहीतक होय.

तात्पर्य, वधूचे स्वतःचे नाव व त्यापुढे मैत्रिणींच्या आवाजातील ‘सुखी हो’ एवढा साधा आशीर्वाद, हे वचन तिन्ही कसोट्यांना उतरते. त्यात चमत्कृती नाही. परंतु ज्या मुलीला लहानपणापासून ज्या नावाने हाक मारली, तिला त्याच नावाने निरोप देण्याचा प्रामाणिकपणा आहे. केक संपतो, हाक मात्र तिच्या लक्षात राहते.