संदर्भांची जुळवाजुळव आणि युक्तिवादाची उणीव

पदवी वर्गाचे प्रकल्प तपासताना एक बाब प्रकर्षाने जाणवते. संदर्भ भरपूर असतात, प्रतिपादन मात्र नसते. थोरांची मते एकाखाली एक मांडली जातात आणि 'सर्वांचेच विचार महत्त्वाचे आहेत' या वाक्याने समारोप होतो. प्रस्तुत लेखकाने अशा लेखनास अनेकदा चांगले गुण दिले आहेत. म्हणून दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हे.

उदाहरणादाखल संमतिवयाचा वाद पाहावा. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षे झाले. आगरकरांनी 'सुधारका'तून त्याचा पुरस्कार केला. टिळकांनी 'केसरी'तून परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राधारे समर्थन केले. त्या शास्त्रार्थावरही टिळकांनी आक्षेप घेतला. म्हणजे येथे प्रश्न दोन आहेत : शास्त्र काय सांगते, आणि कायदा करण्याचा अधिकार कोणाचा? टिळक आणि भांडारकर पहिल्या प्रश्नावर समोरासमोर येतात; आगरकरांची भूमिका शास्त्राच्या कौलावर विसंबून नाही. कोण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे ओळखणे ही संश्लेषणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी साधनांतील मौन ओळखण्याची. कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचा खटला १८९० मध्ये चालला आणि विधेयकाला गती मिळाली. परंतु ज्या मुलींविषयी हा वाद झाला, त्यांचा आवाज या तिन्ही साधनांत नाही. हे ध्यानात आलेल्या विद्यार्थ्याला तटस्थ समारोप पुरत नाही. त्याला स्वतःची भूमिका घ्यावीच लागते.

यास्तव प्रश्नपत्रिकेत 'चर्चा करा' याऐवजी 'कोणता युक्तिवाद टिकतो व का, ते साधार लिहा' असे विचारले जावे, आणि गुणही त्या 'का'लाच द्यावेत.