खेळाडूची प्रतिमा आणि चाहत्यांचे मत

खेळाडूचे मूल्यमापन केवळ कामगिरीवरून होते, हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने २००५ मध्ये खेळाडूंसाठी पोशाखसंहिता लागू केली. बिनबाह्यांचे शर्ट, कपड्यांवरून दिसणाऱ्या साखळ्या निषिद्ध ठरल्या. ॲलन आयव्हर्सनने त्यास विरोध केला. खेळ तोच होता. सुधारायची होती ती प्रतिमा.

आपल्याकडे मल्ल म्हटले की धिप्पाड देहच डोळ्यांसमोर येतो. ठेंगण्या, चपळ खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर लाभला. या उपेक्षेचे कारण केवळ शरीरयष्टीत शोधणे एकांगी ठरेल. तथापि गुण ओळखणारी नजर प्रतिमेतूनच घडते. म्हणून मंद्रूपसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी संघनिवडीत रूपाआधी कौशल्य पाहणे अगत्याचे आहे.