मीठखात्यातील निसर्गनिरीक्षक

वन्यजीवदर्शनाची पुस्तके आणि लेख अलीकडे मराठीत पुष्कळ येऊ लागले आहेत. कान्हा झाले, काझीरंगा झाले, आता आपली माणसे केनियातील मसाई मारापर्यंत जाऊन येतात आणि परतल्यावर लिहितात. लिहावे, त्यात गैर काही नाही. परंतु यांतील बहुतेक लेखन वाचताना सरकारी दैनंदिनी वाचल्यासारखे वाटते. अमुक दिवशी पहाटे वाघीण दिसली, तमुक दिवशी सिंहाचा कळप दिसला, तिसऱ्या दिवशी पाऊस आल्याने काही दिसले नाही. प्राणी दिसला एवढीच वार्ता. पाहणाऱ्याने काय पाहिले, याचा पत्ता लागत नाही. हौशी निरीक्षकाने लिहावे कसे, हा प्रश्न त्यामुळे पडतो. त्याचे एक उत्तर, आणि त्या उत्तरातील एक मोठी उणीवही, एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथकारापाशी सापडते. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. आद्याक्षरांवरून तो 'ईहा' या नावाने लिहीत असे. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, खटपट. हा योगायोग त्याला ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण नाव त्याला शोभून दिसते.

ईहा साहेब खरा, पण जन्माने साताऱ्याचा. १६ ऑगस्ट १८५१ रोजी तेथे त्याचा जन्म झाला. वडील स्कॉटिश मिशनरी; प्रारंभीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली आणि पुढचे मुंबई-पुण्यास. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १८७० ते १८७६ या काळात तो डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होता. त्यानंतर मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात शिरला आणि तीस वर्षे तेथेच राहिला. खाराघोडा, उरण, उत्तर कानडा व गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, मुंबई, शेवटी कराची, अशा त्याच्या बदल्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर एका स्नेह्याने लिहून ठेवले आहे की, मिठाच्या खात्यात केवढा साहित्यिक वाया जात आहे याची सरकारला कल्पना असावी असे दिसत नाही. ज्यांनी आयुष्य फायलींत घालविले, त्यांना हे वाक्य निराळे समजावून सांगावयास नको. मला मात्र ते पूर्ण पटत नाही. बदल्यांच्या गावांनीच त्याला लेखक केले.

'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्याचे पहिले गाजलेले पुस्तक १८८३ चे. त्यातील 'डस्टीपूर', म्हणजे धूळगाव, हे खाराघोडाच. माझ्या नोकरीतील काही काळ सुरेंद्रनगर जिल्ह्यात गेल्याने हे गाव मला परिचयाचे आहे. छोट्या रणाच्या काठी अगरिये जमिनीखालचे खारे पाणी उपसून मीठ पिकवितात. उन्हाळ्यात क्षितिजापर्यंत पांढरे सपाट मैदान, झाड म्हणून औषधालाही नाही. आज तेथे पर्यटक जातात ते रानगाढव, गुजरातीत ज्याला घुडखर म्हणतात, ते पाहावयास. ईहा मात्र बंगल्याच्या ओसरीवर बसला आणि त्याने लिहिले ते उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, बेडूक आणि वाळवी यांच्यावर. घरात येऊ पाहणाऱ्या या प्राण्यांना त्याने सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पिले आणि पुस्तकाला 'एका हिंदी निसर्गनिरीक्षकाचे परराष्ट्रधोरण' असे उपशीर्षक दिले. दुसरे अफगाण युद्ध १८८० साली संपले होते आणि वायव्य सरहद्दीवर कोणते धोरण ठेवावे याचा खल वृत्तपत्रांतून चालू होता. त्या गंभीर भाषेची ही थट्टा आहे. कोणत्या टोळीशी तह करावा, कोणतीवर स्वारी करावी, कोणतीकडे काणाडोळा करावा!

विनोद एवढ्यावर थांबला असता तर पुस्तक केव्हाच विस्मरणात गेले असते. ते टिकले याचे कारण थट्टेच्या आड काटेकोर पाहणे आहे. प्राणी काय करतो हे तो दिवसेंदिवस पाहतो आणि मगच त्याला स्वभाव बहाल करतो. घरातल्या पालीकडे आपण जन्मभर पाहत आलो. पण ती आपली मित्र की शत्रू, हा प्रश्न कधी विचारात घेतला नव्हता. तो घ्यावयास हा ग्रंथकार भाग पाडतो. दुर्मीळ प्राण्याच्या दर्शनाने लेखकाचे निम्मे काम आपोआप होते. पालीवर लिहिताना ते सगळे लेखकालाच करावे लागते.

याच हातोटीने त्याने १८८९ मध्ये 'बिहाइंड द बंगलो' लिहिले, आणि येथे वाचकाला अडखळावे लागते. या पुस्तकाचा विषय प्राणी नसून नोकरमाणसे आहेत. बटलर, हमाल, माळी, भिस्ती, आया, धोबी. प्रत्येकाला एक प्रकरण. त्यांची मोडकी इंग्रजी, त्यांच्या सबबी, त्यांचे हिशेब, सगळे हुबेहूब उतरले आहे आणि हसूही येते. पण हसताना ध्यानात येते की उंदराच्या वर्णनाला लावलेलेच भिंग येथे माणसाला लावले आहे. माळ्याची जात म्हणून सवयी आहेत, माळी म्हणून एक माणूस नाही. त्याचे नाव काय, गाव कोणते, घरी कोण आहे? ईहा दुष्ट नव्हता. जिव्हाळाही त्याच्याजवळ होता, हे ओळीओळीतून जाणवते. म्हणूनच दोष अधिक खुपतो. पुढे मृत्यूनंतर १९१४ साली निघालेल्या लेखसंग्रहात कचेरीतल्या प्रभू कारकुनावर त्याचा एक लेख आहे. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा संस्थानी कचेऱ्यांतून लेखणी चालवूनच या प्रांतांत स्थिरावले. त्यांच्यासारख्यांना बाहेरून पाहणारा हा डोळा एकदा पाहून ठेवावा.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. हे उत्तर मला अपुरे वाटते. कारण त्याच काळात, त्याच माणसाच्या शेजारी निराळे उदाहरण होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली, त्यांत ईहा होता, तसेच दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे अभ्यासक आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. बैठकीत मांडीला मांडी लावून बसलेली ही माणसे. तेव्हा बरोबरीचा हिंदी अभ्यासक ईहाला ठाऊक नव्हता असे नाही. ठाऊक असूनही त्याच्या पुस्तकांत तो जवळजवळ येत नाही; येतो तो नोकर. हा काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, हा निवडीचा दोष आहे.

त्याचे सर्वांत चांगले पुस्तक माझ्या मते १८९४ चे 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल'. हे कारवारच्या रानातले. येथे तो ओसरी सोडून उतरतो, आणि विनोद कमी होऊन नजर खोल जाते. पाने जोडून झाडावर घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांवरचे प्रकरण ज्यांनी आंब्यावर चढून त्यांचा प्रसाद खाल्ला आहे त्यांनी अवश्य वाचावे. याच सुमारास जिल्ह्यातील डेव्हिडसन आणि वनखात्यातील बेल या दोघा अधिकाऱ्यांबरोबर त्याने उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर प्रदीर्घ लेखमाला लिहिली. नुसती फुलपाखरे पकडून टाचणीला टोचणे त्यांना पुरेसे वाटले नाही. सुरवंट शोधून, त्यांचे खाद्य ओळखून, ते घरी वाढवून त्यांनी नोंदी केल्या. तिघेही सरकारी नोकर, तिघेही फावल्या वेळात राबणारे. १९०२ मध्ये गोव्याच्या सरहद्दीवरील जकातनाक्यांवर मलेरियाचा तपास करण्यास सरकारने त्याला पाठविले, तेव्हा त्याला डासाची एक नवी जातच सापडली. आज ती त्याच्या नावाने ओळखली जाते. हौसेचा सरकारी कामाला असा उपयोग झाल्याची उदाहरणे आमच्या खात्यात तरी मी फार पाहिली नाहीत.

आता देश-परदेशाचा प्रश्न. साताऱ्यास जन्मून पुण्यास शिकलेला आणि कारवारच्या रानात रमलेला हा मनुष्य निवृत्तीनंतर १९०६ मध्ये एडिंबरोस गेला आणि १९०९ च्या एप्रिलात तेथे वारला. त्याचे घर कोणते? त्याची पुस्तके एकच देऊ शकतात असे उत्तर देतात: जेथले उंदीर, कावळे आणि मुंग्या तो नावानिशी ओळखत होता ते. आणि तरीही 'माझी सरहद्द' म्हणताना तो आत बसलेला आहे, बाकी सारे बाहेर. दोन-अडीचशे वर्षे बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत राहून 'आमचा देश' म्हणताना घाटावरच्या कुठल्याशा गावाकडे बोट दाखविणाऱ्या आपल्या घरांना हा पेच परका नाही. माझ्या आजीला गुजराती उत्तम येई, पण दारासमोरच्या झाडांची गुजराती नावे तिने कधी उच्चारली नाहीत.

मराठीत ईहाची ती उणीव भरून काढणारे लेखन पुढे झाले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या नवेगावबांधच्या लेखनात माधवराव पाटील नावागावासकट उभे राहतात, आणि रानातल्या माणसांचे ज्ञान त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच श्रेयाने नोंदले जाते. पक्ष्यांची नावे कोणी सांगितली हे चितमपल्ली विसरत नाहीत. विनोदाच्या बाबतीत मात्र ईहा त्यांच्या पुढे आहे, आणि आपल्या निसर्गलेखनाला थोड्या विनोदाची गरज आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आपल्याकडे अरण्यात शिरताच लेखक फार लवकर सद्गदित होतो.

आपल्या मंडळातील कोणी ईहाच्या भाषांतराचा विचार करीत असेल तर अडचण दोन ठिकाणी येईल. बायबलमधील संदर्भ पानोपानी आहेत. त्यांच्या जागी पुराणकथा घालण्याचा मोह टाळावा. आणि नोकरांच्या इंग्रजीची थट्टा मराठीत आणताना ते मराठीही मोडके करावे काय? मी करणार नाही. त्यांना शुद्ध मराठीत बोलू द्यावे आणि साहेबाची फजिती कशी दिसते ते पाहावे. आरंभ तांबड्या मुंग्यांपासून करावा, नोकरांपासून नव्हे.