चेहरा झाकलेला माणूस

आमच्या लहानपणी स्टुडिओत फोटो काढायला जायचे म्हणजे घरात केवढी धांदल! वडिलांची टोपी, आईचा शालू, धाकट्याच्या गालांना पावडर; आणि मागच्या पडद्यावर रंगवलेला संगमरवरी जिना, जो आमच्यापैकी कुणी जन्मात चढला नव्हता. चेहरा नीट आला की पैसे वसूल. अशा घरातला मी, चेहराच न दिसणाऱ्या फोटोंविषयी लिहायला बसलो आहे.

हे फोटो फर्गस ग्रियरने १९८८ ते १९९४ या काळात स्टुडिओत काढले. २००२ साली त्यांचे पुस्तक निघाले. समोरचा माणूस एकच : ली बॉवरी. जन्म १९६१, मेलबर्नच्या सनशाइन उपनगरातला. १९८० साली लंडनला आला आणि अचाट वेष करून रात्रीच्या क्लबांतून मिरवू लागला. १९८५ मध्ये 'टॅबू' हा क्लबही त्याने चालवला. त्याला नट म्हणावे की शिंपी? मी बहुरूपी म्हणेन. पण आपला बहुरूपी राजाचे किंवा फौजदाराचे सोंग आणतो. याची सोंगे कुणाचीच नाहीत. बालगंधर्वांच्या फोटोत पुरुष पार विरघळून स्त्री उरते. इथे पुरुषही उरत नाही, स्त्रीही नाही. फुलाफुलांचे कापड अंगावरून थेट चेहऱ्यावर चढते. कधी डोक्याच्या जागी भलाथोरला गोंडा, कधी कानांशी विजेचे दिवे.

ग्रियरने मागे जिना रंगवला नाही. साधी पार्श्वभूमी, स्वच्छ उजेड, आणि चित्राला नाव म्हणून बैठकीचा व वेषाचा क्रमांक! प्रथम मी चिडलो. क्लबातला गोंगाट, घाम, हशा कुठे गेला? पुन्हा पाने उलटताना वाटले, गर्दीत आपणही चार लोकांबरोबर हसून मोकळे झालो असतो. इथे शेजारी हसायला कुणी नाही. मग नजर खांद्यांकडे जाते, बोटांच्या ठेवणीकडे जाते. पाटावर बसलेल्या नवरीसारखा हा धिप्पाड माणूस स्वतःला जपून उभा आहे.

१९८८ सालीच अँथनी डॉफे यांच्या कलादालनात तो काही दिवस एका आरशामागे बसला होता. लोकांना तो दिसे, त्याला फक्त स्वतःचे प्रतिबिंब. ग्रियरचा कॅमेरा मला त्याचा दुसरा आरसा वाटतो. मात्र या आरशामागे माणूस होता.

तक्रार एकच. हे फोटो फार नीटनेटके आहेत. चिकटपट्टीने ताणून बांधलेले मांस, नकली ओठ बसवण्यासाठी टोचून घेतलेले गाल, या यातनांचा त्यांत मागमूस नाही. तो पाहायचा तर लुशियन फ्रॉइडकडे जावे लागते. त्याने १९९० पासून हाच देह वेषाविना रंगवला : जड, थकलेला, खुर्चीत विसावलेला. तिथे चेहरा उघडा आहे, आणि तो इतका साधा आहे की मला क्षणभर ओळखू आला नाही.

१९९४ च्या ३१ डिसेंबरला एड्समुळे बॉवरी गेला, वय ३३. आजार त्याने बहुतेक मित्रांपासूनही लपवला होता. हे कळल्यावर मी पुस्तकातली शेवटच्या बैठकींची पाने पुन्हा काढली आणि आजाराची काही खूण दिसते का ते बराच वेळ शोधत राहिलो. सापडली नाही. उभे राहणे तेवढेच ताठ आहे.